स्क्रू फिरवण्याआधी : जुन्या पद्मिनीचा कार्बोरेटर

आजच्या निमंत्रणात ‘व्हिंटेज गाडीचं ट्यूनिंग’ असं छापलंय, तर आधी त्या शब्दाबद्दल थोडं बोलतो. जगभरचे शौकीन लोक ‘व्हिंटेज’ म्हणजे साधारण १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या असं मानतात. आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी, तिला व्हिंटेज म्हणायचं असं ठरलं. त्यामुळे झालंय काय, की परवापर्यंत जिला आपण नुसती ‘टॅक्सी’ म्हणून हात करत होतो, ती पद्मिनीसुद्धा आता या व्याख्येत बसायला लागलीय. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनत होती, तिलाच सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेली, पण घरोघरी झाकून ठेवलेल्या पद्मिनी अजून आहेत. इथे बसलेल्यांपैकी निदान पाचसहा जणांकडे आहे, हे मला बाहेर चहाच्या वेळी कळलं.

मी मेकॅनिक नाही. आयुष्यभर थर्मोडायनॅमिक्स शिकवलं आणि रविवारी हात काळे केले, एवढंच. पण गाडीवाले माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते: ‘सर, गाडी स्मूद चालत नाही. कार्बोरेटर ट्यून केला, महिनाभर बरी होती, परत तेच.’ मी विचारतो, ट्यून केला म्हणजे काय केलं? उत्तर येतं, स्क्रू फिरवला. हा जो स्क्रू आहे, तो नेमकं काय करतो आणि काय करत नाही, हेच आज सांगायचंय.

आधी कार्बोरेटरचं काम समजून घेऊ. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. किलोत सांगितलं की हे डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून लिटरमध्ये सांगतो. एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या, तिच्यातली एक तृतीयांश हवा म्हणजे एक लिटर पेट्रोलचा खुराक. आता पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी. सिग्नलला उभी असताना ते मिनिटाला दीडेकशे लिटर हवा ओढतं, आणि पेडल पूर्ण दाबून जोरात पळवलं तर दोन हजार लिटर. म्हणजे बारा-पंधरापट फरक. या सगळ्या पल्ल्यात पेट्रोलचं प्रमाण जवळपास तेच राखायचं. तेही वीज नाही, सेन्सर नाही, नुसत्या पितळेच्या भोकांच्या जोरावर. मला विचाराल तर हे यंत्र फार कमी कौतुकाचं धनी झालंय.

ढेकणांसाठी आपल्याकडे फ्लिटचा पंप असायचा, आठवतो का? दांडा जोरात ढकलला की हवा नळीच्या तोंडावरून वेगाने जायची आणि डब्यातलं औषध आपोआप वर येऊन उडायचं. कार्बोरेटरचा गळा तेच करतो. मध्ये तो अरुंद केलेला असतो, तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. शेजारच्या वाटीत पेट्रोल भरलेलं आहे, त्यावर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब. त्या दाबाच्या फरकाने पेट्रोल जेटमधून गळ्यात येतं. वाटीतली पातळी फ्लोट सांभाळतो. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक जसा, तस्साच.

पण साध्या जेटची एक खोड आहे. हवेचा ओघ वाढत गेला की तो प्रमाणापेक्षा जास्त पेट्रोल देऊ लागतो, मिश्रण रिच होत जातं. याच्यावरचा उपाय सोपा पण हुशारीचा. सरबत पिताना स्ट्रॉला वरच्या बाजूला बारीक भोक पडलेलं असलं तर काय होतं? जितकं जोरात ओढाल तितकी सरबताबरोबर हवाच जास्त येते. सोलेक्ससारख्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटेत भोकं पाडलेली एक नळी असते आणि तिच्या डोक्यावर हवेचा जेट. ओढ वाढली की हवा मिसळते, पेट्रोल आटोक्यात राहतं. खालचा मेन जेट आणि वरचा हवेचा जेट, अशी ही जोडी असते.

ही झाली मुख्य वाट. पण गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा खालची झडप, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ बंद असते. गळ्यातून हवा इतकी मंद जाते की मेन जेटमधून थेंबही येत नाही. म्हणून आयडलिंगसाठी वेगळी वाट केलेली असते. स्लो जेटमधून पेट्रोल येतं, त्यात हवा मिसळते, आणि झडपेच्या खालच्या एका भोकातून ते इंजिनात जातं. तो प्रसिद्ध स्क्रू या भोकाच्या तोंडाशी आहे. फक्त या भोकाच्या. आत फिरवला की मिश्रण कमी येतं, बाहेर फिरवला की जास्त येतं. साठच्या वेगाने मुंबई-पुणे रस्त्यावर चाललेल्या गाडीला या स्क्रूचं जवळपास काही देणंघेणं नसतं.

झडप किंचित उघडली की तिच्या कडेला असलेली आणखी एकदोन बारीक भोकं उघडी पडतात, ती आयडलिंगकडून मुख्य वाटेकडे नेणारा पूल. पेडल एकदम दाबलं तर हवा झटकन येते आणि पेट्रोल मागे राहतं, म्हणून एक छोटा पंप पिचकारी मारतो. आणि सकाळी थंड इंजिनासाठी चोक. काही सोलेक्समध्ये चोकची पत्री नसतेच, त्याऐवजी स्टार्टर नावाचा छोटा स्वतंत्र कार्बोरेटरच बाजूला असतो. तुमच्यात पत्री दिसली नाही तर कुणी काढून टाकली म्हणून घाबरू नका.

आता एवढं कळलं की निदान अर्धं झालं. गाडी सिग्नलला बंद पडते पण रस्त्यावर छान पळते, तर आयडलिंगची वाट बघा. पेडल जरासं दाबून हळू चालवताना झटके देते, जोर दिला की नीट होते, तर ती पुलाची भोकं किंवा स्लो जेट. एकदम पेडल दाबल्यावर क्षणभर ‘आ’ वासते आणि मग उचलते, तर पिचकारी. आणि टॉप गिअरमध्ये चढावर दम तोडते, तर मेन जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा. इथे गाडीचा वेग बघू नका, पेडल किती दाबलंय ते बघा. उतारावर साठचा वेग असेल आणि पाय उचललेला असेल तर गाडी आयडलिंगच्याच वाटेवर आहे.

आता माझी फजिती सांगतो. आमची पद्मिनी वडिलांची. ते गेल्यावर चार वर्षं उभी होती. मी ती सुरू केली तेव्हा आयडलिंगला थरथरायची, आरशात मागचं काही दिसायचं नाही इतकी. मी पूर्ण पावसाळाभर कार्बोरेटरशी झटलो. तीन वेळा खोलला, धुतला, परत बसवला. दर वेळी जरा बरी वाटायची, मग तीच थरथर. शेवटी एका जुन्या टॅक्सीवाल्या मिस्त्रींनी बोनेट उघडलं, कार्बोरेटरकडे बघितलंसुद्धा नाही. पाण्याची फवारणीची बाटली मागितली आणि कार्बोरेटरच्या बुडाशी फुसफुस पाणी मारलं. इंजिनाचा आवाज तत्काळ बदलला. म्हणाले, ‘साहेब, एअर घेतेय.’ मी दर वेळी खालचे दोन नट चांगले करकचून आवळत होतो ना, त्याने कार्बोरेटरचं बूड दोन्ही टोकांना वाकलं होतं आणि मधून हवा आत शिरत होती. जितका जोर लावून आवळावं तितकी फट मोठी! काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून ते बूड घासून सपाट केलं, नवं पॅकिंग घातलं, नट बेताने आवळले. तीन महिन्यांचं दुखणं एका तासात गेलं. थर्मोडायनॅमिक्स शिकवणारा माणूस मी, लाज वाटली.

म्हणून क्रम सांगतो, आणि तो बदलू नका. प्रथम टॅपेट, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला, फिलर गेज लावून. मग चारही प्लग, मग पॉइंट आणि कंडेन्सर. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर. पॉइंट आधी आणि टायमिंग नंतर, कारण पॉइंटची फट बदलली की टायमिंग हलतं. त्यानंतर एअर कुठे घेतेय का ते पाण्याच्या बाटलीने बघायचं. काही जण इथे पेट्रोल शिंपडतात. कृपा करून करू नका, बहुतेक जुन्या इंजिनांत कार्बोरेटरच्या जवळच तापलेला एक्झॉस्ट असतो. एअर फिल्टर स्वच्छ करून, जागेवर बसवूनच पुढचं काम करायचं. इतकं झाल्यावर, माझ्या अनुभवात, निम्म्या गाड्यांचा कार्बोरेटर आपोआप ‘ट्यून’ झालेला असतो.

उरलेल्यांसाठी आधी फ्लोट. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळलं तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो जड झालाय आणि वाटी गरजेपेक्षा जास्त भरतेय. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. पेट्रोल अडवणारी नीडल झिजली असेल तरी हेच होतं: इंजिन बंद केल्यावर पेट्रोलचा वास, सकाळी स्टार्टला त्रास, प्लग काळे. पातळी चुकली की पुढचे सगळे जेट चुकतात, कारण प्रत्येक वाट याच वाटीतून पिते.

जेट स्वच्छ करायचे ते हवेच्या दाबाने. वायर घालायची नाही, पिन घालायची नाही. गॅरेजमध्ये केबलची तार काढून जेटमध्ये फिरवताना मी किती वेळा बघितलंय! सोलेक्सच्या मेन जेटवर आकडा असतो. १२० म्हणजे भोक १.२० मिलिमीटरचं. १२५ म्हणजे १.२५ चं. दोघांत फरक ०.०५ मिलिमीटर, आपल्या डोक्याच्या केसापेक्षा कमी. पण एवढ्या फरकाने भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं. मऊ पितळेत तार घासून तुम्ही किती वाढवलं, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

आता स्क्रू. गाडी पंधरावीस मिनिटं चालवून आणा, इंजिन पूर्ण गरम हवं, चोक पूर्ण बंद. खरं म्हणजे स्क्रू दोन आहेत. एक झडप किती उघडी राहील ते ठरवतो, त्याला रेसचा स्क्रू म्हणू. दुसरा मिश्रणाचा. इंजिन बंद असताना मिश्रणाचा स्क्रू आत हळूच टेकेपर्यंत फिरवा. टेकला की थांबा. जोर दिलात तर त्याच्या टोकाला खाच पडते आणि तो कायमचा निकामी होतो. तिथून दीड फेरा बाहेर. आता सुरू करा आणि रेसच्या स्क्रूने आयडलिंग ७५० ते ८०० च्या आसपास आणा. पद्मिनीत आरपीएमचा काटा नाही, साधा टॅकोमीटर लावा किंवा कानावर भरवसा ठेवा.

मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या आणि दर वेळी पाच सेकंद थांबा. इंजिन मंदावून अडखळायला लागेल, ते लीन टोक. तिथून बाहेर येत जा. इंजिन वेग धरेल, मऊ होईल, आणि आणखी बाहेर गेलात तर जड, लडखडती चाल सुरू होईल, ते रिच टोक. या दोन टोकांमध्ये जिथे इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं फिरतं ती जागा शोधायची. सापडली की वेग वाढलेला असेल, तो रेसच्या स्क्रूने खाली आणा. खाली आणल्यावर मिश्रण पुन्हा जरासं बदलतं, म्हणून परत एकदा मिश्रणाचा स्क्रू. दोनतीन वेळा असं आलटून पालटून केलं की दोन्ही जागेवर बसतात. घाई करणाऱ्यांची चूक इथेच होते, ते एकदाच करतात.

आणि समजा मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत घेतला तरी इंजिनाला काही फरकच पडला नाही, तर? हे लक्षण फार मोलाचं आहे. याचा अर्थ पेट्रोल या भोकातून येतच नाहीये. एक तर स्लो जेट चोंदलाय, किंवा रेसचा स्क्रू इतका आवळून ठेवलाय की झडप उघडी राहून गाडी पुलाच्या भोकांवर चाललीय. अनेक गाड्या वर्षानुवर्षं अशाच चालतात आणि मालक म्हणतो, आयडलिंग जरा जास्त ठेवलंय.

आता जो विषय दहा वर्षांपूर्वी मी बोललोच नसतो. पेट्रोल बदललंय. २०२२ च्या जूनमध्ये देशभरात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट पूर्ण झालं, फेब्रुवारी २०२३ पासून ई-२० म्हणजे वीस टक्क्यांचं पेट्रोल विक्रीला आलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते, किलोला नऊ किलो. वीस टक्के मिसळलं की १४.७ चा आकडा साडेतेरावर येतो. नव्या गाडीत सेन्सर आहे, कॉम्प्युटर आहे, ती स्वतःच जास्त पेट्रोल सोडते. आपल्या पद्मिनीचे जेट पूर्वीच्या पेट्रोलसाठी ठरवलेले. तिला हे कुणी सांगितलेलंच नाही. ती त्याच मापाने देत राहते, म्हणजे आठ-नऊ टक्के लीन चालते.

लीन म्हणजे काय दिसतं? आयडलिंगला वेग वरखाली होतो, पाय उचलला की सायलेन्सरमध्ये फटाके, हळू चालवताना झटके, चोक नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि लोक हे बघून पुन्हा कार्बोरेटर खराब झाला म्हणतात. आयडलिंगपुरतं मिश्रणाच्या स्क्रूने सावरता येतं, अर्ध्या फेऱ्याच्या आसपास बाहेर. पण रस्त्यावरचं मिश्रण मेन जेट ठरवतो, तिथे स्क्रू उपयोगाचा नाही. मघाशी १२० आणि १२५ चा हिशेब उगाच नाही सांगितला. साडेआठ टक्के तिथे आणि आठ-नऊ टक्के इथे. एक पायरी मोठा जेट, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. मात्र आधी खात्री करा. टॉप गिअरमध्ये पन्नास-साठला सलग काही किलोमीटर चालवा, मोकळ्या जागी सुरक्षितपणे बाजूला घ्या, आयडलिंगला न ठेवता लगेच बंद करा आणि प्लग काढून बघा. मारी बिस्किटासारखा रंग हवा, हल्लीच्या पेट्रोलवर तो जरा फिकटच दिसतो. पांढराफटक असेल तर लीन, काजळी असेल तर रिच. जुना जेट फेकू नका, डबीत घालून गाडीतच ठेवा.

एक गंमत सांगतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर. तिथे हवा विरळ, त्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण आपोआप सहा-सात टक्के रिच होतं. पूर्वी आम्ही पसरणी घाट चढून गेलो की गाडी जड वाटायची, धूर करायची. गेल्या वर्षी ई-२० वर, जुन्याच जेटने गेलो, तर गाडी वर गेल्यावर इतकी गोड चालली की मला परत उतरावंसं वाटेना. हिशेब मग लक्षात आला. तेव्हा महाबळेश्वरला राहत असाल तर जेट बदलू नका!

जेटपेक्षा तातडीची गोष्ट रबराची आहे. जुन्या पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, हे इथेनॉलने फुगतात, मऊ होतात, मग चिरतात. नळी बोटांनी दाबून बघा, चिकट लागली किंवा भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बदला, आणि इथेनॉल चालणारी मागून घ्या. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. महिनोन् महिने उभ्या गाडीत ते वाटीच्या तळाशी बसतं आणि पांढरा गाळ करतं. गाडी दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलची नळी काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून वाटी रिकामी करा.

(श्रोत्यांतून प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुसऱ्या गाडीचा नवा कार्बोरेटर बसवला तर काय बिघडलं?)

चालते ना, अनेकांनी बसवलेत. पण ज्या गाडीचे जेट आहेत ते त्या इंजिनासाठी निवडलेले असतात, त्यामुळे तुम्ही प्रश्न सोडवत नाही, नवा आणता. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल तर गाडी मूळ स्वरूपात हवी ही अट आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे, ते भरण्याआधी बोनेटखाली काय आहे ते एकदा बघा. जुना सोलेक्स दुरुस्त होतो. दांडा जिथे फिरतो तिथे झीज झाली असेल तर लेथवर बुश घालून मिळतं. ती झीज असेल तर मात्र आज सांगितलेलं कुठलंच सेटिंग टिकणार नाही, तिथूनच हवा शिरते. दांडा बोटांनी हलवून बघा.

(दुसरा प्रश्न : उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये बंद पडते, मग अर्धा तास सुरूच होत नाही.)

हे तर मे महिन्यातलं राष्ट्रगीत आहे. पेट्रोल पंपात किंवा नळीत उकळतं, वाफ होते, पंप वाफ ढकलू शकत नाही. ई-२० मुळे हे थोडं वाढलंय. नळी एक्झॉस्टपासून दूर बांधा, कार्बोरेटरखालचं जाड, उष्णता अडवणारं पॅकिंग शाबूत आहे का बघा, अनेकदा कुणीतरी ते काढून पातळ कागद घातलेला असतो. दुसरी शक्यता उलटी, वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात जास्त गेलंय. तेव्हा पेडल पूर्ण दाबून धरा, वरखाली करू नका, आणि स्टार्टर मारा. जास्तीचं पेट्रोल निघून जातं आणि गाडी उचलते. आणि टॅक्सीवाल्यांचा उपाय, पेट्रोल पंपावर ओला फडका, तो खरंच चालतो, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. फक्त गाडी सुरू झाल्यावर फडका काढून घ्या. फॅन बेल्टमध्ये गुंडाळलेला मी एकदा चिमट्याने काढलाय, दीड तास लागला.